बाळंतपण, सुईण आणि दवाखाना: ‘आजीच्या दहा बाळंतपणां’ना उत्तर

कृष्णाकाठ:
रानजाई यांनी काल लिहिले की त्यांच्या आजीची दहाही बाळंतपणे घरी, बाजेवर, सुइणीच्या हातून सुखरूप झाली, डॉक्टरांचे तोंडही पाहावे लागले नाही, आणि दवाखान्यांनी एका नैसर्गिक गोष्टीचा आजार करून त्यावर धंदा मांडला आहे. त्याखाली ‘अगदी खरे’ म्हणणाऱ्यांची रांग लागलेली पाहून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्या आज्या दहा खेपांतून उठल्या, त्यांचीच नातवंडे आज हे सांगायला आहेत. पहिल्याच खेपेला अडून गेलेल्या बाईची कहाणी कोण सांगणार? आमच्या देव्हाऱ्यात देवांच्या टाकांशेजारी चांदीचा एक लहानसा टाक आहे, अंगठ्याच्या नखाएवढा, नाक-डोळे झिजून पुसट झालेला. तो माझ्या पणजोबांच्या पहिल्या पत्नीचा. ती बाळंतपणात गेली आणि मागून आलेल्या माझ्या पणजीला तो सवतीचा टाक जन्मभर गळ्यात वागवावा लागला. बिजवराला मुलगी देताना ‘पहिली बाळंतपणात गेली’ एवढे कानावर आले की पुढे कोणी चौकशी करत नसे, इतके ते नित्याचे होते.

आनंदीबाई जोशी यांचे मूल दहा दिवसांत गेले तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. पुढे १८८६ साली फिलाडेल्फियात एम.डी. होताना त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो प्राचीन आर्यांच्या प्रसूतिशास्त्राचा. परंपरेची त्यांना तुच्छता नव्हती, तरीही त्या समुद्र ओलांडून शिकायला गेल्या, कारण घरातल्या बाजेवर काय घडते ते त्यांनी स्वतः सोसले होते. आकडेच हवे असतील तर देशात २००४–०६ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या, २०१८–२० मध्ये ९७. महाराष्ट्रात हाच आकडा १३० वरून ३३ वर आला. साधारण याच काळात देशातील दवाखान्यातल्या प्रसूतींचे प्रमाण ३८.७ टक्क्यांवरून ८८.६ टक्क्यांवर गेले. आजीच्या आठवणींनी हे खोडून निघत नाही.

रानजाई:
माझ्या आजीला आपण एका फटक्यात योगायोग ठरवून टाकलेत, तेव्हा दवाखान्याचा इतिहासही ऐकून घ्या. व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या अकरांहून अधिक बाळंतिणी मेल्या, दुसऱ्यात तिघींहून कमी. शहरातल्या गरीब बायकांना हे पक्के ठाऊक होते. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवत आणि काहीजणी तर रस्त्यातच बाळंत होणे पत्करत. कारण काय, तर विद्यार्थी प्रेतांची चिरफाड करून त्याच हातांनी बायका तपासत. इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू एकदम खाली आले, तरी त्यांच्याच व्यवसायबंधूंनी त्यांना उडवून लावले आणि १८६५ साली ते वेड्यांच्या इस्पितळात मेले. ज्या व्यवसायाला हात धुण्याचा अपमान वाटला, त्याने आम्हाला अडाणी म्हणू नये.

आजचेही सांगते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या आणि खासगीत ४७.४ टक्के. एकाच देशातल्या बायकांची शरीरे दार बदलले की बदलतात का? माझ्या धाकट्या बहिणीला शहरातल्या एका खासगी रुग्णालयात संध्याकाळी ‘पाणी कमी झाले आहे’ म्हणून घाईने आत नेले. दुसऱ्या दिवशी दिवाळीची सुट्टी लागत होती, आणि त्या रात्री एकामागून एक पोटे फाडली गेली हे आम्ही बाहेर बाकावर बसून पाहिले आहे.

कृष्णाकाठ:
व्हिएन्नाचा दाखला आपण दिलात, पण त्याचा अर्थ उलटा लावलात. दोन्ही विभाग दवाखान्याचेच होते आणि दुसऱ्या विभागातल्या सुइणी रीतसर शिक्षण घेणाऱ्या होत्या. शिवाय तिथे कोण मेले याची वहीत नोंद होत होती, म्हणून तर सेमेलवाइस यांना दोन विभागांची तुलना करता आली. आपल्या गावातल्या बाजेची वही कोणी ठेवली होती?

खासगी सिझेरियनच्या आकड्यांबाबत मला वाद घालता येणार नाही, तो तुमचा मुद्दा उभा राहतो. मात्र लोभी माणसाच्या हाती सुरी असते म्हणून सुरीच नको, असे म्हणणे मला मान्य नाही.

भूलतज्ज्ञ:
तालुक्याच्या गावी भूल देण्याचे काम करतो, म्हणून दिवाळीच्या आरोपावर गप्प बसवत नाही. मध्यरात्री फोन येतो तेव्हा आम्ही जातो, आणि त्या बाई वाचल्या की कोणाच्या लक्षात राहत नाही. पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयाला मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास रक्तपुरवठा होत असतो. बाळ आणि वार बाहेर पडल्यावर गर्भाशय आवळले गेले तर रक्तवाहिन्या दाबून बंद होतात. ते सैल राहिले तर सगळे नीट झालेली, हसून बाळाकडे पाहणारी बाई तासा-दोन तासांत पांढरी पडते. हे कोणाला होईल ते आधी खात्रीने सांगता येत नाही. त्या वेळी गर्भाशय आवळणारे ऑक्सिटोसिन हे औषध, रक्ताची पिशवी आणि सुरी हातापाशी लागते.

नाळेचेही तेच. विळ्याने कापलेल्या नाळेतून धनुर्वात होई आणि मूल आठवडाभरातच आखडून जाई. पाचवीला जागरण करून सटवाईपुढे दिवा का तेवत ठेवावा लागत होता, याचा विचार करा. मातेला धनुर्वाताची लस आणि नाळेला स्वच्छ पाते मिळू लागल्यामुळे २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करता आले.

उट्रेख्टकर:
माझे बाळंतपण नेदरलँड्समध्ये घरी झाले, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे सांगावेसे वाटते. येथे गर्भारपण निर्धोक असेल तर सगळी देखरेख सुईण करते, आणि ती चार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली असते. दिवस भरत आले की पलंग ठोकळ्यांवर उंच करून घ्यावा लागतो, म्हणजे तपासणारीची कंबर मोडत नाही. आमच्याकडे ते ठोकळे दारात आले तेव्हा सासूबाईंना बाजेखालच्या शेगडीचीच सोय वाटली. बाळ झाल्यावर आठेक दिवस एक प्रशिक्षित बाई घरी येऊन आई-बाळाकडे पाहते. भेटायला येणाऱ्यांना टोस्टवर साखर चढवलेली बडीशेपेसारखी अनिसाची बी देतात, कारण तीही दूध वाढवते असा जुना समज आहे. आपल्या बाळंतशोपांची ती सख्खी बहीण. म्हणजे घरी बाळंत होणे हे मागासलेपण नाही.

सातपुडा:
ताई, आपल्या घरापासून रुग्णालय किती मिनिटांवर होते तेही लिहा. मी नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या बाजूला शिक्षक आहे. पावसाळ्यात रस्ता वाहून गेला की आमच्याकडे अडलेल्या बाईला बांबूला बांधलेल्या झोळीतून खांद्यावर डोंगर उतरवतात, आणि नर्मदेकाठच्या पाड्यांना बोटीतल्या दवाखान्याची वाट पाहावी लागते. ‘घरी की दवाखान्यात’ हा प्रश्न ज्यांच्याकडे दोन्ही आहे त्यांचा आहे.

रानजाई:
नेमके म्हणूनच गावात हात तयार हवेत! गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केले, दाईंना सोबत घेतले, घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आहे. आमच्या सुइणींना मान दिला असता तर हे सगळीकडे झाले असते.

बाभूळवन:
‘आमच्या सुइणी’ हे शब्द वाचून हात थरथरतात. रानजाईताई, तुमच्या आजीच्या दहा बाळंतपणांतल्या सुइणीचे नाव काय होते? ती कोणत्या दाराने घरात येत असे?

माझी आजी सुईण होती. आमच्या भागात हे काम मांगवाड्यातल्या बायकांकडेच असे. रात्री-अपरात्री कंदील घेऊन माणूस यायचा, तेव्हा विटाळ आड येत नसे. ती हात घालून आडवे मूल फिरवायची, वार पुरायची, रक्ताची लुगडी धुवायची. बाराव्या दिवशी बारशाला मात्र तिने अंगणाबाहेर थांबायचे, खण आणि पायलीभर जोंधळे वरून पदरात टाकून घ्यायचे. तिला हात कोणी धुवायला शिकवले नाही म्हणून तिला अडाणी म्हणणारे कृष्णाकाठ, आणि तिच्या हाताचे गोडवे गाणाऱ्या पण तिला उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्या घरातल्या रानजाई, या दोघांच्या भांडणात ती कुठेच नाही.

रानजाई:
तिचे नाव मला माहीत नाही. पण माझ्या हेतूवर शंका घेऊ नये, मी तिचा गौरवच करत होते.

बाभूळवन:
बिननावाच्या गौरवाचे काय करायचे? पुढचे ऐका. माझ्या आईने सरकारी दाई प्रशिक्षण घेतले. साबण, नवे पाते, स्वच्छ दोरा असलेली पेटी तिला मिळाली आणि ‘पाच स्वच्छता’ ती झोपेतही म्हणून दाखवी. कोणती बाई आपल्या हातची नाही हे ती ओळखायची आणि वेळेत बैलगाडी जुंपायला लावायची. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, सगळ्यांनी दवाखान्यात जावे असे ठरले आणि आईची पेटी माळ्यावर गेली. ते धोरण चुकीचे होते असे मी म्हणत नाही. भूलतज्ज्ञ म्हणतात तो रक्तस्राव तिने पाहिला होता आणि त्यापुढे तिचे हात टेकले होते. पण ती एका बाईला सोबत म्हणून दवाखान्यात घेऊन गेली तेव्हा तिला प्रसूतिकक्षाच्या दारातून हाकलले, आणि आतून ‘तेव्हा बरे वाटले, आता कशाला ओरडतेस’ हे शब्द आणि थोबाडीत मारल्याचा आवाज तिने बाहेर उभे राहून ऐकला. त्या बाईने पुढचे मूल दवाखान्यात होऊ दिले नाही. तिला कोणत्या आकड्याने समजावणार होता?

भूलतज्ज्ञ:
असे होते, हे मी नाकारत नाही. एकेका परिचारिकेवर किती खाटा असतात तेही पाहा, माणूस चिडतो.

बाभूळवन:
कामाचा ताण थोबाडीत मारायला शिकवत नाही. मांगवाड्यातल्या आणि पाड्यावरच्या बाईलाच तो जास्त का दिसतो, याचे उत्तर द्या.

सातपुडा:
प्रसूतिकक्ष सुधारण्याच्या केंद्राच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ उपक्रमात सन्मानाची वागणूक आणि प्रसूतीच्या वेळी सोबतीण हे दोन्ही लिहिलेले आहे. तमिळनाडूने सोबतीणीची परवानगी त्याच्या कितीतरी आधी दिली होती. आमच्या पाड्यावरच्या बायका सोबतीण म्हणून सुईणच मागतात, आणि त्यांना सांगतात की जागा नाही.

कृष्णाकाठ:
मी सुइणीला अडाणी म्हटलेले नाही, तरी माझ्या लिहिण्यातून तसे वाचता येते हे बाभूळवन यांनी दाखवले आहे, तेवढे मी ऐकून घेतो. घरच्या बाळंतपणाबद्दलचे माझे मत त्याने बदलत नाही. रक्त ज्या इमारतीत आहे तिथेच बाई असली पाहिजे.

बाभूळवन:
असू द्या, आणि तिच्याबरोबर माझ्या आईलाही आत घ्या. भूलतज्ज्ञ, आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात सुईण सोबतीण म्हणून आत येऊ शकते का, हो की नाही एवढेच सांगा.

भूलतज्ज्ञ:
आज तरी नाही. अधीक्षकांकडे लेखी मागणी आली तर मी त्यावर सही करीन.

बाभूळवन:
मागणी आईच्या नावाने लिहिते, पूर्ण नावाने.