प्रतिसाद: लंगोटाकडे लक्ष ठेवा

भाचीला दुपारभर सांभाळायचंय, उन्हाचं काय करू, असं विचारलंत म्हणून सांगते. मागच्या मे महिन्यात अकोल्यात ताईची दोन वर्षांची लेक माझ्याकडे होती. कूलर चालू, वाळ्याच्या ताट्या ओल्या, तरी पोरगी नुसती किरकिर करायची. पाणी दिलं की तोंड फिरवायची. मग लक्षात आलं, सकाळपासून शू एकदाच झालीय, तीही गडद पिवळी. लगेच ओआरएसची मोठी पुडी अख्खी एक लिटर पाण्यात विरघळवली आणि चमच्याचमच्याने पाजत बसले. दीडेक तासाने तिने फरशीवर शू केली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला! एवढी लेकरं तहान सांगत नाहीत हो. सुस्त पडली तर मात्र थेट दवाखाना गाठा. आणि भाची सहा महिन्यांच्या आतली असेल तर वरचं पाणी नको, आईचं दूधच वारंवार.