कामाच्या दिवशी संध्याकाळी मित्रांना भेटायलाच हवं!

विशी-तिशीतल्या नोकरदारांची सोमवार ते गुरुवारची संध्याकाळ जेवण, मोबाइल आणि झोप यातच संपते. भेटीगाठी सगळ्या शनिवारवर ढकललेल्या. शनिवारी साठलेली घरकामं निघतात आणि मग ‘पुढच्या आठवड्यात नक्की’. मला हे घातक वाटतं. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार, नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत घालवावे लागतात, जिवलग मैत्रीला २०० हून जास्त. महिन्यातून एकदा तीन तास भेटलात, तर २०० तास भरायला साडेपाच वर्षं! आठवड्यातली एक संध्याकाळ माणसांसाठी राखायलाच हवी.

प्रतिसाद १
साफ असहमत. पहाटे उठून कामावर जाणाऱ्याला रात्री उशिरापर्यंत गप्पांना बसवू नका. प्रौढांना किमान ७ तास झोप लागते, ती कुठून काढायची? दिवसभर मीटिंगमध्ये बोलून जीव विटलेला असतो. दार लावून घेतल्यावरची शांतता हाच माझा हक्काचा वेळ. आणि भेट म्हणजे समोरासमोरच का? मैत्रिणीचा फोन येतो, दोघी स्पीकर चालू ठेवून आपापली भांडी घासतो. मध्येच पाच-पाच मिनिटं कुणी बोलत नाही, फक्त नळाचा आवाज. मला तेवढं पुरतं.

प्रतिसाद २
ऑफिसात रोज आठ तास माणसांतच असतो की. ते तास धरायचे नाहीत?

धागाकर्ता
@२, त्याच अभ्यासात दिसलं की नुसते एकत्र काम केल्याचे तास मैत्रीला फारसे उपयोगी पडत नाहीत.
@१, तुमची मैत्री आधीच मुरलेली आहे, म्हणून फोनवर निभतं. नोकरीसाठी नव्या शहरात आलेल्यानं फोन लावायचा कुणाला?

प्रतिसाद ३
धागाकर्त्याशी सहमत, पण ‘भेटू या कधीतरी’नं काही होत नाही. वार ठरवा. आमचं बुधवारी सात ते आठ बॅडमिंटन असतं. दर वेळी विचारायचं नाही, कळवायचं नाही. कुणी सलग दोनदा आलं नाही की बाकीच्यांपैकी कुणीतरी फोन करतो. नऊला सगळे घरी, झोपही होते.

प्रतिसाद १
तासाभराचं ठीक आहे. पण लहान मूल किंवा आजारी आई-वडील घरी असलेल्यांना बुधवार मोकळा कोण करून देणार? आणि उशिरा एकटीनं परतायचं म्हणजे आधी शेवटची बस बघावी लागते. हे सुटेपर्यंत ‘भेटायलाच हवं’ यातला ‘च’ मला मान्य नाही.