सायनससाठी घरगुती उपाय सुचवा: जलनेती करू की नुसती वाफ घेऊ?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. आज सर्दीचा सातवा दिवस. आधी नुसत्या शिंका आणि नाक गळणं होतं, चौथ्या दिवसापासून नाक गच्च चोंदलंय. खाली वाकलं की कपाळात आणि डोळ्यांखाली ठणका लागतो. उजव्या बाजूच्या वरच्या दाढाही दुखतात. शेंबूड घट्ट, पिवळा. ताप नाही. शाळेत शिकवते, दिवसाला पाच तास बोलावं लागतं आणि स्वतःचाच आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येतो.

नाक मोकळं करायचे थेंब पहिल्या दिवसापासून घालतेय. घातले की दोन तास बरं, मग पुन्हा गच्च. गेल्या थंडीतही हेच झालं होतं, तेव्हाही उजवीकडेच जास्त. अँटिबायोटिकचा कोर्स घेतला, पण पोट इतकं बिघडलं की पुन्हा नको वाटतं. सासूबाई वेखंड-सुंठेचा लेप सांगतायत, शेजारच्या काकू म्हणतात नाकात लसणाचा रस सोड, आणि मैत्रीण जलनेतीच्या मागे लागलीये. स्वतः करून पाहिलेलं सांगा, प्लीज.

रानतुळस:
ताई, आमच्याकडे ओव्याची पुरचुंडी. तव्यावर ओवा खमंग वास सुटेपर्यंत गरम करायचा, सुती फडक्यात बांधायचा आणि हाताला सोसतोय ना बघून कपाळ, भुवया, गालफडं शेकायची. मध्ये मध्ये हुंगायची. झोपायच्या आधी केलं की रात्र बरी जाते. सोबत गवती चहा, आलं, तुळस, थोडा गूळ. दिवसभर कोमट पाणी पीत राहा, कफ पातळ राहतो.

देशावरचा:
लसणाचा रस नाकात अजिबात घालू नका! माझ्या चुलतभावाने घातला होता. आतली त्वचा भाजल्यासारखी झाली, दोन दिवस रक्ताचे डाग येत होते. लसूण फोडणीत घाला, चटणीत घाला, नाकात नको. कांद्याचा रस, लिंबू, मोहरीचं तेल, सगळ्यांना हेच लागू.

सह्यकडा:
मला हा त्रास पंधरा-सोळा वर्षं होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सगळं करून पाहिलं. वाफेने बरं वाटतं, पण तेवढ्यापुरतं. टिकून फरक पडला तो मिठाच्या पाण्याने, म्हणजे जलनेतीने. चिकटलेला कफ आणि सूज वाढवणारी घाण पाणी धुऊन नेतं, इतकं साधं आहे ते. फक्त नीट करायला हवी. चुकीची केली की लोक म्हणतात "डोक्यात पाणी गेलं" आणि नेतीचं तोटीवालं पात्र माळ्यावर टाकतात.

पाणी नळाचं थेट कधीही नाही. चांगली खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या, झाकून ठेवा आणि अंगाइतकं कोमट झालं की वापरा. आरओचं पाणीसुद्धा उकळूनच. ही सोवळ्याची गोष्ट नाही. पाण्यात राहणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकातून मेंदूत जाऊ शकतो. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ साली नळाच्या पाण्याने नाक धुणारी दोन माणसं त्याने गेली. तेच पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही, नाकातून वर गेलं तर होतो.

अर्धा लिटर पाण्याला एक सपाट छोटा चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. मीठ बिनआयोडीनचं, साधं असेल तर उत्तम. मीठ कमी पडलं की नाकात झणका बसतो, नदीत डुबकी मारताना बसतो तसा. बहुतेक जण इथेच घाबरून सोडतात. प्रमाण जमलं की काहीच झोंबत नाही.

बेसिनवर कंबरेतून वाका, मान एका बाजूला कलती करा, कपाळ आणि हनुवटी साधारण एका रेषेत. तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या. गिळू नका, बोलू नका. वरच्या नाकपुडीला तोटी लावली की पाणी खालच्या नाकपुडीतून धार धरून येतं. पहिल्यांदा गळेल तेव्हा सोबत दोरीसारखा कफ निघतो, किळस वाटते, पण पुढच्या मिनिटाला कपाळावरचं ओझं उतरल्यासारखं होतं. मग दुसरी बाजू. झाल्यावर खाली वाकून डोकं हळूहळू दोन्हीकडे वळवा, आत साठलेलं पाणी निघून जातं. नाक हलकेच शिंकरा. दोन्ही नाकपुड्या दाबून जोर लावलात तर पाणी कानाकडे जातं. नाक पूर्ण बंद असेल तर आधी वाफ घ्या, मग नेती. त्रास असेतो दिवसातून दोनदा पुरे. पात्र रोज धुऊन पूर्ण कोरडं करायचं.

शुश्रूषा:
मी कान-नाक-घसा विभागात परिचारिका होते. वर दादांनी लिहिलंय ते बरोबर आहे. माझ्याकडून थोडी भर.

ताई, ते थेंब आजच थांबवा. तसले थेंब तीन, फार तर पाच दिवस. त्यापुढे थेंबांचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त सुजतं, माणूस पुन्हा थेंब घालतो आणि चक्र सुरू राहतं. थांबवल्यावर दोन-चार दिवस नाक जास्त चोंदेल, त्या काळात नेती आणि वाफेवर काढा.

शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, असं नाही. असा त्रास बहुतेक वेळा विषाणूचा असतो आणि सात ते दहा दिवसांत उतरतो. दहा दिवस उलटूनही कमी नाही, किंवा बरं वाटू लागून पुन्हा उसळलं, किंवा तीन-चार दिवस जोराचा ताप आहे, तर मात्र डॉक्टर. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, मान ताठणं, असह्य डोकेदुखी, यात तर त्याच दिवशी.

वाफेबद्दल कळकळीने सांगते. पातेलं मांडीवर किंवा पलंगावर घेऊन चादरीखाली बसू नका. भाजून आलेली मुलं मी पाहिली आहेत. पातेलं टेबलावर भिंतीकडे, जड बुडाचं, गॅसवरून उतरवल्यावर दोन मिनिटं थांबून. वाफेला साधं पाणी पुरतं. तान्ह्या बाळांजवळ कापूर, निलगिरी, मेंथॉल आणू नका.

लेप लावायला हरकत नाही, कपाळाला ऊब मिळते. चुरचुरलं की लगेच पुसा.

आणि एक विचारते. दुखणं दोन्ही वेळा उजवीकडेच, वर दाढही दुखते. त्या नाकपुडीला घाण वास येतो का?

मायेची_सावली:
घरात कुणाला मधुमेह असेल तर "दहा दिवस बघू" म्हणू नका, हे सांगायला लिहितेय. २०२१ च्या मे महिन्यात माझे वडील कोविडमधून उठले आणि गाल दुखायला लागला. आम्ही सायनस समजून आठ दिवस वाफ देत बसलो. ज्या दवाखान्यात दाखवलं तिथेही सर्दीच्याच गोळ्या दिल्या. गाल बधिर झाला, नाकातून काळपट खपली आली तेव्हा धावपळ केली. म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, निघालं. वडील वाचले, उजवा डोळा गेला. साखर वाढलेली, स्टेरॉइड झालेले आणि एका बाजूचा चेहरा दुखतोय, एवढ्यावर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जा.

रानतुळस:
वाचून गलबलून आलं. बाबांना नमस्कार सांगा.

गोदाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. मला मधुमेह नाही, मागच्या महिन्यातच साखर तपासली होती. थेंब बंद केले. पहिले दोन दिवस फार जड गेले, तोंडाने श्वास घेऊन झोपले. नेती पहिल्या दिवशी चुकली, मीठ कमी पडलं. दुसऱ्या दिवशी चमचा सपाट मोजून घातला आणि खरंच झोंबलं नाही. डावी बाजू मोकळी झाली, कपाळही हलकं वाटतंय.

शुश्रूषाताई, तुमचा प्रश्न वाचून दचकले. उजवीकडून वास येतो. इतके दिवस मला वाटायचं कफाचाच असेल.

शुश्रूषा:
मग आधी दातांच्या डॉक्टरकडे जा. वरच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसच्या, म्हणजे हाडातल्या पोकळीच्या, अगदी तळाशी असतात. मुळाशी पू झाला की तो सायनसमध्ये शिरू शकतो आणि एकाच बाजूला, वासासकट, पुन्हा पुन्हा सायनस होतो. दाढ तशीच राहिली तर नेती कितीही करा, परत येणारच.

गोदाकाठ:
आज बारावा दिवस. एक्स-रे काढला. सहा वर्षांपूर्वी सिमेंट भरलेल्या उजव्या दाढेच्या मुळाशी पू निघाला. रूट कॅनालची पहिली बैठक झाली, आणि यावेळी अँटिबायोटिक घ्यावंच लागतंय, दह्याभातासोबत निभावतेय. उजवीकडचा ठणका कालपासून निम्म्यावर आलाय. दातांच्या डॉक्टरांनी नेती चालू ठेवायला सांगितली आहे. आज सकाळी दोन्ही नाकपुड्यांतून धार सारखीच आली आणि बऱ्याच दिवसांनी चहात घातलेल्या गवती चहाचा वास आला.