भाडेकरू घरात असताना मालकाने काढलेलं काम : तुमचे अनुभव

गिरगावातल्या आमच्या चाळीत मालकाने 'दुरुस्ती' काढली त्याला हा सातवा महिना. टेकू लागलेत, गॅलरी फोडून ठेवलीय, गवंडी गायब. भाडं महिन्याला १८० रुपये, तेही मालक दोन महिने घेत नाही. तुमच्याकडे असं झालं तेव्हा काय केलंत? सल्ले नकोत, घडलेलं सांगा.

*

सल्ला नको म्हणालात, पण हा एक घ्याच: भाडं मनीऑर्डरने पाठवा, नाकारली तर तो कागद जपून ठेवा, उद्या 'भाडं थकवलं' म्हणायला नको.

आमचं लालबागला. छत गळायचं. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ सांगतं की पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालक हलला नाही, तर दुरुस्ती आपण करून खर्च भाड्यातून वळता करावा. वडील खूष. मग पुढची ओळ वाचली: वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंतच. तुमच्या १८० रुपयांवर हिशेब करा, ५४० होतात. तेवढ्यात माणूस जिना चढून छत बघायलाही येत नाही. पत्रे आम्हीच टाकले.

पुढे मालकाने स्वतः काम काढलं ते थेट पाण्याच्या पाइपापासून. नऊ दिवस खालून बादल्या. पाणी, वीज, जिन्यावरचा दिवासुद्धा त्याला तोडता येत नाही, कलम २९. वकिलाने अर्ज तयार करून त्याची प्रत मालकाला नुसती दाखवली. दहाव्या दिवशी पाइप सापडला.

*

आम्ही 'सहा महिन्यांत परत या' यावर खोली सोडली. तोंडी. मालक दुरुस्तीसाठी कोर्टात गेला असता तर परत यायचंय का हे आम्हाला विचारून ते हुकुमात नोंदवलं गेलं असतं. हे कळलं तेव्हा आमच्या खोलीत कुरियरचं ऑफिस होतं. आता विरारला असतो.

*

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या लिव्ह-लायसन्सवाल्यांना यातलं फारसं काही नाही हो. कोथरूडला मालकीणबाईंनी माझ्या डोक्यावर मॉड्युलर किचन बसवलं. "तुला कुठे एवढा स्वयंपाक असतो?" तीन आठवडे मेस. अकरा महिने संपले आणि भाडं वाढलं, किचन नवं ना!

*

बर्लिनला तीन महिने आधी लेखी कळवतात: काय काम, किती दिवस, भाडं किती चढेल. धुळीपायी भाडं कमी करता येतं, पण ऊर्जाबचतीचं काम असेल तर पहिले तीन महिने नाही. आमच्या खिडक्या बरोब्बर त्यातच बसल्या. वर खर्चाच्या ८ टक्के वार्षिक भाड्यात कायमचे.

*

आज मनीऑर्डर केली. मालकाचं नाव वाचून खिडकीतले काका म्हणाले, "टेकू लागले वाटतं?"