ऐकायचं मशीन: जेवताना उजव्या कानातला मोल्ड टोचतो आणि शिट्टी मारतो, डावा रिसिव्हर बाहेर येतो. काय करू?

वनाझकर_६७

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही काही कळणार नाही.

वय ६७, कोथरूड. कारखान्यात प्रेस शॉपला ३४ वर्षं काढली, त्याची पावती आता कानांनी दिली. उजवा कान ७५ ते ८० डेसिबलला गेलाय, डावा ५० च्या आसपास. तीन महिन्यांपूर्वी दोन्ही कानांना ऐकायची मशीनं घेतली. कानामागे छोटं यंत्र, तिथून बारीक वायर आणि रिसिव्हर, म्हणजे आवाज सोडणारा छोटा स्पीकर, थेट कानात, त्या प्रकारची. उजव्याला ताकदीचा रिसिव्हर आहे, म्हणून त्याला माप घेऊन कडक अ‍ॅक्रिलिकचा मोल्ड, म्हणजे माझ्या कानाच्या आकाराचा साचा, करून दिला. डाव्याला नुसता डोम, म्हणजे रबरी टोपी.

आता तक्रारी. उजवा सकाळी घातला की तासभर बरा असतो. जेवायला बसलो की शिट्टी सुरू. घास चावला की शिट्टी, थांबलो की बंद. नातू म्हणतो आजोबा कुकर लागला. दुपारपर्यंत कानाच्या वरच्या घडीत टोचायला लागतं आणि संध्याकाळी हात लावू देत नाही. शिवाय माझाच आवाज मला रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येतो. डाव्याचं उलटं. दुखत नाही, पण डोम हळूहळू बाहेर सरकतो आणि यंत्र कानामागे टेकायच्या ऐवजी पुढे, कानाच्या माथ्यावर येऊन बसतं. हेल्मेट काढताना दोनदा रस्त्यावर पडलं.

जिथे घेतलं तिथे दोन चकरा झाल्या. दोन्ही वेळा एकच उत्तर, "काका, सवय होईल." पैसे पूर्ण भरून झालेत. बायको म्हणते, मशीन घेऊनही हाक तीनदाच मारावी लागते, मग फरक काय पडला?

कोणी यातून गेलंय का?

काजबटण

काका, मी ११ वर्षं दोन्ही कानांना मोल्ड वापरते. चार जोड झाले. नारायण पेठेत ब्लाऊज शिवते, म्हणजे फिटिंगच्या तक्रारी ऐकणं हाच धंदा, त्यामुळे तुमचं वाचून हात शिवशिवले.

आधी एक सांगते. सवय आवाजाची होते. भांडी, पंखा, स्वतःच्या चपला, हे सगळं पहिले काही आठवडे अंगावर येतं आणि मग निवळतं. टोचण्याची सवय होत नसते. टोचतं म्हणजे कुठेतरी मोल्ड जास्त आहे, आणि शिट्टी येते म्हणजे कुठेतरी कमी आहे. तुमच्या एकाच मोल्डमध्ये दोन्ही दिसतंय.

चावताना शिट्टी का, ते स्वतःच बघा. करंगळी कानाच्या भोकात ठेवा आणि मोठा आ करा. बोटाला लागतं ना, पुढची भिंत सरकलेली? जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात आहे, तो हलला की भोक मोठं होतं. तोंड मिटून माप घेतलं असेल तर मोल्ड मिटलेल्या तोंडाचा होतो. घास चावला की फट पडते, आतला आवाज बाहेर येतो, माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी. आमच्यात हात खाली सोडून मुंढ्याचं माप घेतलं की असंच होतं. आरशासमोर ब्लाऊज सुरेख, आणि बाई बसमध्ये दांडी धरायला गेली की काखेत ओढ.

माझा पहिला जोड असाच फसला होता. मी दिवसभर ओठांत टाचण्या धरून काम करते, तोंड मिटलेलं. तेव्हा मशीन गपगार. गिऱ्हाईक आलं, टाचण्या काढून बोलायला लागले, की शिट्टी. मला वाटायचं मशीनला माणसं आवडत नाहीत.

दुसऱ्या वेळी जिच्याकडे गेले त्या ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) मुलीने माप कसं घ्यायचं ते दाखवून दिलं. आधी दिवा लावून कान बघितला. मळ होता, तर त्या दिवशी माप घेतलंच नाही, कान साफ करून या म्हणाली. पुढच्या वेळी दोरा बांधलेला छोटा बोळा कानात आतपर्यंत सारला, म्हणजे मापाचा मसाला पडद्याकडे जाऊ नये. मग दोन रंगांचे गोळे कणकेसारखे मळून एकजीव केले, जाड सिरिंजमध्ये भरले आणि कानात सोडले. गार लागतं, आणि एकदम दडा बसतो. भरत असताना आणि घट्ट होईपर्यंत तिने मला दातांत एक ठोकळा धरायला लावला होता. पाचेक मिनिटांनी कानाची पाळी जरा हलवून हवा आत जाऊ दिली आणि फिरवत बाहेर काढलं. ते निघालेलं माप हातात घेऊन बघा कधी. शेवटाकडे दोन वळणं स्पष्ट दिसली पाहिजेत आणि कुठे खड्डा, सुरकुती नको. दुसरं वळण आलेलं नसेल तर माप अर्धवट आहे, परत घ्यायला सांगा. आपला कान आहे, लाजायचं काय त्यात.

आता वरच्या घडीत टोचतंय ते. त्याची दोन कारणं असू शकतात. एक, घालताना मोल्डचं वरचं शेपूट, म्हणजे घडीत अडकणारं टोक, घडीच्या खाली जातच नाहीये, बाहेर अडकून दिवसभर दाबतंय. उलट्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढा, आधी भोकातला भाग जरा फिरवत आत घाला, मग वरचं शेपूट घडीत सारा, शेवटी अंगठ्याने दाबा. आरशात बघून करा पहिले आठ दिवस. एवढं करूनही टोचलं तर तिथे खरंच जास्त आहे. मग मोल्ड तीन तास घालून तसेच त्यांच्याकडे जा आणि त्यांच्यासमोर काढा. कानावर लाल डाग दिसेल तीच खडूची खूण. कडक मोल्ड जागेवर घासून, पॉलिश करून देतात, दहा मिनिटांचं काम. आठवड्यानंतरची वेळ घेऊन, मधले दोन दिवस मोल्ड न घालता गेलात तर कानावर काही दिसत नाही, आणि ते म्हणतात सगळं ठीक आहे.

घरी घासू नका. मी नखं घासायच्या कानशीने घासला होता. टोचणं गेलं, पण फट पडली आणि मोल्ड कायमचा वाया गेला.

एक विचारायचं राहिलं. राग मानू नका. कवळी आहे का?

वनाझकर_६७

ताई, कवळी आहे. त्याचा कानाशी काय संबंध?

काजबटण

माप घेतलं त्या दिवशी ती तोंडात होती का?

वनाझकर_६७

नव्हती. खालची हिरडीला लागते म्हणून बाहेर जाताना मी ती घालत नाही, डबीत घरीच असते. जेवायला बसताना घालतो.

…अच्छा.

काजबटण

बघा आता. माप बोळक्या तोंडाचं आणि जेवण कवळीचं. कवळीने जबडा जिथे टेकतो ती जागा बदलते, त्याबरोबर भोकाचा आकार. नवीन माप घ्यायला जाल तेव्हा कवळी घालून जा. आणि मोल्ड हातात मिळेल त्या दिवशी खिशात दोन बाकरवड्या ठेवा. तिथेच खुर्चीत बसून चावून बघायच्या. मी दर वेळी नेते. एक तिला देते, एक मला.

ध्वनिलेखा

ऑडिओलॉजिस्ट आहे, पुण्यातच. कान न बघता निदान करणार नाही, पण वरच्या ताईंनी बरंचसं बरोबर सांगितलंय. थोडी भर.

डावी बाजू मला मोल्डची नाही, वायरच्या लांबीची वाटते. रिसिव्हरच्या वायरी वेगवेगळ्या लांबीच्या येतात, त्यांना नंबर असतात आणि कानावर पट्टी धरून त्या मोजायच्या असतात. वायर आखूड पडली की ती यंत्राला पुढे ओढते आणि डोमला बाहेर. लांब झाली तर गालाजवळ कमान करून उभी राहते. नीट असेल तर कातडीला चिकटून खाली येते आणि समोरून जवळजवळ दिसत नाही. घरी फोटो काढून बघा. एक नंबर मोठी वायर आणि गरज लागली तर एक माप मोठा डोम, एवढ्यावर भागेल. दोन्ही कानांना एकच नंबर लागेल असंही नाही. रिसिव्हरवर लाल खूण उजव्याची, निळी डाव्याची. बदलल्यावर ती तपासून घ्या, अदलाबदल झालेली मी पाहिली आहे.

रांजणाचा आवाज: आपण बोलतो तेव्हा हाडांतून कंप कानाच्या नळीत येतो. एरवी तो उघड्या भोकातून बाहेर निघून जातो, मोल्डने बूच बसलं की आतच घुमतो. उपाय म्हणजे मोल्डमध्ये आरपार बारीक छिद्र, त्याला आम्ही व्हेंट म्हणतो. ते मोठं केलं की घुमणं कमी होतं, पण शिट्टीची शक्यता वाढते आणि खालच्या पट्टीचे आवाज गळतात. तुमचा उजवा कान ८० पर्यंत असेल तर मोठं छिद्र परवडणार नाही, थोडं पाडता येईल. दुसरा मार्ग मोल्ड खोल नेण्याचा. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा आणि आतला हाडाचा. हाडापर्यंत गेलं की घुमणं कमी होतं, पण तिथली कातडी फार पातळ, जरा चुकलं की दुखतं.

मोल्ड बदलला किंवा घासला की शिट्टीची चाचणी सॉफ्टवेअरवर नव्याने करायला लावा. जुन्या मोल्डचे आकडे नव्याला चालत नाहीत.

आणि महत्त्वाचं. कान वाहत असेल, रक्त आलं, सूज असेल तर मोल्ड काढून ठेवा आणि आधी कान-नाक-घसा डॉक्टर. मधुमेह असेल तर कानातली बारीक जखमसुद्धा अंगावर काढू नका.

त्याच दुकानात ऐकत नसतील तर माप दुसरीकडे घेता येतं. समोरच्याची आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का, एवढं विचारा. धनकवडीला भारती विद्यापीठात हाच विषय शिकवतात.

सिंहगडरोड_स्कूटर

मोल्ड घातला की मला खोकला यायचा. घसा तपासला, औषधं घेतली, काही नाही. शेवटी कळलं कानाच्या नळीला ज्या नसेचा फाटा येतो ती नस घशाकडेही जाते, तिथे स्पर्श झाला की काहींना खोकला येतो. मोल्डचं टोक जरासं आखूड करून घेतलं, खोकला बंद. कोणाला असं होत असेल म्हणून लिहिलं.

हेल्मेटचं: काढताना आधी हेल्मेटच्या दोन्ही बाजू बाहेर ताणून सरळ वर उचला, तिरकं ओढू नका. मी तर सिग्नलला उभा राहून मशीन काढतो, डबीत टाकतो, मग हेल्मेट घालतो. पुण्यातला हॉर्न ऐकायला इतके पैसे भरलेले नाहीत. (गंमत. गाडी चालवताना ऐकू यायला हवं, हे मला मान्य आहे. माझं अनुकरण करू नका.)

काजबटण

व्हॅसलीनचं कोणी सांगेल, ऐकू नका. सुरुवातीला मोल्ड सरकत नाही म्हणून मी लावलं होतं. रिसिव्हरच्या तोंडाशी मळ अडवणारी जाळी असते ती बुजली, आणि मी मशीन बिघडलं म्हणून रडत बसले. मोल्डसाठीचं पाण्यात धुतलं जाणारं जेल मिळतं, तेही थेंबभर आणि तोंडापासून लांब. पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. आमच्या वाड्यात जुलैमध्ये भिंतीला घाम येतो, मशीनला येणार नाही होय?

वनाझकर_६७

तीन आठवडे झाले, कळवायचं होतं.

वायर खरोखर आखूड निघाली. १ नंबर होती, २ लावली. अर्ध्या मिनिटाचं काम. यंत्र कानामागे जाऊन बसलं, डोम हलत नाही. या अर्ध्या मिनिटासाठी मला दोन चकरा आणि "सवय होईल".

उजव्यासाठी दुसरीकडे गेलो. कवळी घालून. वरची घडी लाल होती ती त्यांनी बघितली, जुना मोल्ड घासून दिला, त्यावर आठ दिवस काढले. ठोकळा दातांत धरून नवीन माप दिलं. बाहेर आलं तेव्हा मी मागून घेऊन बघितलं, दोन वळणं होती. बाई हसल्या, म्हणाल्या कोणी शिकवलं. म्हटलं, एका शिंपीण बाईंनी.

नवीन मोल्डला बारीक छिद्र आहे. आवाज अजून घुमतो, पण रांजणातून तांब्यात आलोय. बाकरवडी नेली होती. शिट्टी नाही. भाकरीलाही नाही. जांभई मोठी दिली तर एकदा किंचित चुंई होते, तेवढं चालवून घेतो.

रिसिव्हर जुन्या मोल्डमधून काढून नव्यात बसवून दिला. आता हा जुना मोल्ड टाकून देऊ का?

काजबटण

अजिबात नको. आतून-बाहेरून पुसून, तारीख लिहून डबीत ठेवा. नवीन कधी दुरुस्तीला लॅबला गेला की आठ दिवस तोच कामाला येतो. फक्त कवळीच्या डबीत ठेवू नका.