'मानधन' शब्दातच घोळ आहे

"अंगणवाडी सेविकांचं मानधन वाढतंय ना, मग त्यांच्या पगारासाठी राज्याने वेगळा कायदा कशाला करायचा?" असं कुणीतरी विचारलंय. अहो, मानधन म्हणजे सरकारची मर्जी. केंद्राने २०१८ मध्ये मानधनातला आपला वाटा महिना ४,५०० रुपये केला, पुढे कित्येक वर्षं तो हलला नाही. त्याच २०१८ मध्ये राज्याने सेविकांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांमध्ये संपाला बंदी घालणारा कायदा, लावला होता (ओरड झाल्यावर स्थगिती दिली). म्हणजे संपापुरत्या अत्यावश्यक, पगारापुरत्या स्वयंसेविका! ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावा लागला.

माझी मावशी सेविका आहे. सकाळी पोरांची वजनं, दुपारी गृहभेटी, रात्री जेवणं आटोपली की पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर नोंदी. रेंज नसली की गच्चीवर जाऊन भरते.