मदत हवी आहे: माझ्या ॲनिमेशनमध्ये दर पौर्णिमेला ग्रहण लागतंय (ब्लेंडर)

नमस्कार मंडळी,

सोलापुरात आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाला पोरांना गच्चीवर जमवलं होतं, पण ढगांनी घात केला. म्हटलं, आता आपणच ग्रहण घडवू, आणि ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकायला बसलो.

गोळे झाले, पृष्ठभागाची चित्रं चढवली, चंद्राची कक्षा ५.१ अंशांनी कलती केली. ती कलती आहे म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही, हेच तर दाखवायचं होतं. प्रोजेक्टरवर लावलं. पाच पौर्णिमा झाल्या, पाचही वेळा चंद्र काळाठिक्कर. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ह्यात तर दर पौर्णिमेला ग्रहण लागालंय की!"

घरी येऊन आकडेमोड केली तेव्हा चूक कळली. दोन्ही गोळे पडद्यावर नीट दिसावेत म्हणून मी चंद्र पृथ्वीच्या तीन व्यासांवर ठेवला होता. खरं अंतर तीस व्यासांचं, ३,८४,४०० किमी. तिथे पाच अंशांच्या कलण्याने चंद्र ३४,००० किमीपर्यंत वर-खाली जातो आणि पृथ्वीची दाट सावली जेमतेम ९,००० किमी रुंद, त्यामुळे बहुतेक वेळा तो निसटतो. माझ्याकडे तो जेमतेम ३,४०० किमी सरकतो. निसटणार कुठून?

अंतर खरं ठेवलं तर लॅपटॉपवर पृथ्वी हरभऱ्याएवढी, चंद्र मोहरीएवढा. कलणं चाळीसेक अंशांवर न्यावं तर पोरं तेच डोक्यात धरून बसतील. काय करू? स्टेलॅरियम हे आकाशदर्शनाचं सॉफ्टवेअर सुचवू नका, त्यात ग्रहण जमिनीवरून दिसतं, मला बाजूने दाखवायचंय. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

प्रतिसाद १
सर, बाजूने बघायचा हट्टच सोडा. अंतरं खरी ठेवा (१ युनिट = १,००० किमी) आणि कॅमेरा सूर्य-पृथ्वीच्या रेषेत, पृथ्वीच्या मागे (सूर्याच्या विरुद्ध बाजूला), चंद्राच्या कक्षेकडे तोंड करून लावा. ऑर्थोग्राफिक ठेवा, म्हणजे लांबची वस्तू लहान दिसणार नाही. चौकट ७५,००० किमी उंचीची घेतली तरी चंद्र बऱ्यापैकी दिसतो. सावली पोकळीत दिसत नाही, म्हणून तिच्या जागी ९,००० किमीचं लाल कडं काढा. चंद्र कधी कड्याच्या वरून जाईल, कधी खालून, क्वचित आतून. चंद्र गायब झालाच तर कॅमेऱ्याचा क्लिप एंड (किती दूरपर्यंतचं दिसेल ती मर्यादा) वाढवा.

प्रतिसाद २
सन लाइटचा (ब्लेंडरमधल्या सूर्याच्या दिव्याचा) अँगल, म्हणजे सूर्याची दिसणारी रुंदी, ०.५३ अंश ठेवलाय ना? शून्य असेल तर किरण समांतर, मग सावली पृथ्वीएवढीच रुंद राहते आणि उपच्छाया (कडेची विरळ सावली) मिळतच नाही.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. अँगल शून्यच होता! रात्रभर पंख्याखाली लॅपटॉप ठेवून रेंडर केलं, म्हणजे ॲनिमेशनची चित्रं तयार करून घेतली. बारा पौर्णिमांत चंद्र दोनदाच कड्यात शिरला. बाजूचं दृश्य मी शेवटी पडद्याऐवजी वर्गातच केलं: पृथ्वी म्हणून १२.७ सेंमीचा चेंडू टेबलावर, साडेतीन सेंमीचं लिंबू ३.८४ मीटरवर, दाराजवळ. सूर्य कुठे ठेवायचा विचारलं तर तोच मागच्या बाकावरचा म्हणाला, "दीड किलोमीटर म्हणजे सिद्धेश्वर तलावापाशी जावं लागंल सर."

आता सावलीत चंद्र काळाच दिसतो, खऱ्या ग्रहणासारखा तांबूस होत नाही. तो रंग पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेल्या प्रकाशाचा, आणि ब्लेंडरमधल्या पृथ्वीला वातावरण कुठलं! चंद्रापुरता मंद लाल दिवा लावायची सोपी युक्ती कुणाकडे आहे का?